तुम्ही विचारलंत म्हणून : निशाणी नांगर

"काय ओ, त्या जुन्या कागदात काय गावतंय तुम्हाला?" गंगावेशीत चहा घेताना, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ दुसराही येतो : आमच्या घराण्याचं काही मिळेल का?

मिळेल. पण 'घराण्याचा इतिहास द्या' म्हणून मिळत नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचं दप्तर आहे, रुमालांत बांधलेलं. ते कारकुनांनी रोजच्या कामापुरतं लिहिलं. म्हणून गाव सांगा, साल सांगा, खातं सांगा. विहिरीचा तंटा, इनामाचा दाखला, शाळेची मागणी, अशा वाटेनं माणसं भेटतात.

माझी सुरुवात आजीच्या ट्रंकेतल्या, मोडी लिपीतल्या एका कागदापासून झाली. घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता, म्हणून मोडी शिकलो. लिहिणारा आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग बोरू होता होईतो न उचलता अक्षरं त्या रेघांना टांगत जायचा. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिले कित्येक आठवडे मला 'श्री' आणि आकडे एवढंच लागायचं. अखेर कागद उलगडला : पणजोबांनी बैलजोडीसाठी काढलेलं कर्ज. नाव कारकुनाच्या हातचं, आणि शेजारी थरथरत्या रेघांनी काढलेला करंगळीच्या पेराएवढा नांगर. निशाणी नांगर. त्यांची सही ती. मी बराच वेळ त्या नांगरावर बोट ठेवून बसलो होतो.

त्याच ट्रंकेत आजोबांचा एक दस्त आहे. त्यावर त्यांची स्वतःची, वळणदार सही. या दोन कागदांच्या मधे शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं आणि मोफत केलेलं प्राथमिक शिक्षण आहे. 26 जुलै 1902 चा, रिकाम्या जागांपैकी निदान 50 टक्के मागासलेल्या वर्गांना देण्याचा हुकूम आपण भाषणांत ऐकतो. माझ्यापुरता तो काळ त्या नांगरापासून सहीपर्यंतच्या अंतरात दिसतो.

मोडी येत नसेल तर टाऊन हॉलच्या संग्रहालयापासून सुरुवात करा. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. सातवाहनांच्या काळी रोमशी चाललेल्या व्यापारातून ती पंचगंगेच्या काठी पोचली. मुलांना ती दाखवा आणि मग लगेच ब्रह्मपुरीवर घेऊन जा. चालत जाता येतं.

आणि एक कळकळीनं सांगतो. 2019 च्या पुरात आमच्या ओळखीच्या एका घरातल्या जमाखर्चाच्या वह्या चार दिवस पाण्यात राहिल्या. त्यांचा लगदा झालेला मी हातात घेतलाय. घरात जुना कागद असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. सुती फडक्यात बांधा, वरच्या मजल्यावर ठेवा, आणि त्याआधी फोटो काढून मला दाखवा. वाचून देईन.