महासिस्वा

मी इंडोनेशियाची भाषा शिकले, काही वर्षं जकार्तात राहिले, हे कळलं की बाली आणि बोरोबुदुरची चौकशी झाल्यावर लोक एक प्रश्न हमखास विचारतात. १९९८ साली विद्यार्थ्यांनी तिथले हुकूमशहा, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना खरंच खाली खेचलं, की रुपिया हे तिथलं चलन कोसळलं म्हणून ते गेले आणि नाव पोरांचं झालं? परवा तुम्हीही तेच विचारलंत. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर मलाच अपुरं वाटलं, म्हणून हे लिहितेय.

तिकडे कॉलेजच्या विद्यार्थ्याला 'महासिस्वा' म्हणतात. आपला 'शिष्य'च तो, समुद्रापलीकडे जाऊन मोठा झालेला. पण या महासिस्वांचा इतिहास सोवळा नाही, हे आधी सांगायला हवं. १९६६ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरून सुहार्तोंची वाट मोकळी करणारेही विद्यार्थीच होते. कम्युनिस्ट पक्षावर बंदी, मंत्रिमंडळात बदल आणि महागाईला आळा, अशा त्यांच्या तीन मागण्या. त्यांना 'त्रितुरा' म्हणत. लष्कर त्यांच्या पाठीशी उभं होतं, आणि त्याच सुमारास गावोगावी कम्युनिस्ट ठरवलेल्या माणसांची कत्तल चालू होती. निदान पाच लाख माणसं मारली गेली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. विद्यार्थ्यांचं बळ काय असतं हे सुहार्तोंना पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच १९७८ मध्ये 'कॅम्पस जीवन पूर्वपदावर आणणे' अशा साळसूद नावाखाली त्यांच्या सरकारने कॉलेजांतलं राजकारण बंद करून टाकलं.

आता रुपियाचं. जुलै १९९७ मध्ये थायलंडचं चलन घसरलं आणि ती पडझड इंडोनेशियात पोचली. डॉलरला साधारण २,४०० रुपिया मोजावे लागायचे, ते जानेवारी १९९८ मध्ये १५,००० च्याही पुढे गेले. या चलनसंकटाला लोकांनी 'क्रिसमोन' असं सुटसुटीत नाव देऊन टाकलं. बाळाचं दूध आवाक्याबाहेर गेलं. २३ फेब्रुवारीला काही बायका हॉटेल इंडोनेशियाच्या चौकात दुधाच्या भावासाठी उभ्या राहिल्या, तर त्यांच्यातल्या तिघींना अटक झाली. दुधाबद्दल बोललं तरी पोलीस यायचे, इतकं सरकार धास्तावलेलं होतं.

पण तारखा नीट पाहा. जानेवारीत चलन रसातळाला गेलं होतं, आणि मार्चमध्ये सुहार्तो सातव्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले, तेही बिनविरोध. नव्या मंत्रिमंडळात त्यांनी स्वतःच्या मुलीला घेतलं. एकाही मंत्र्याने हूं की चूं केलं नाही. संसदेचे अध्यक्ष हार्मोको यांनी तर लोकांना अजून तुम्हीच हवे आहात, अशी ग्वाही दिली होती. रुपियाने खुर्ची खिळखिळी केली, हे खरंच. पण खिळखिळ्या खुर्चीवरही माणूस वर्षानुवर्षं बसून राहतो.

४ मे रोजी सरकारने इंधनाचे भाव वाढवले. १२ मे रोजी जकार्तातल्या त्रिसक्ती विद्यापीठाची मुलं संसदेकडे निघाली. ('त्रिसक्ती' म्हणजे आपली त्रिशक्तीच.) पोलिसांनी त्यांना वाटेत अडवलं. बोलणी झाली, पाऊस आला, संध्याकाळी मुलं कॅम्पसकडे परत फिरली, आणि तेव्हा गोळ्या सुटल्या. चार विद्यार्थी गेले. पुढचे तीन दिवस शहर जळत होतं. हजाराहून जास्त माणसं मेली, त्यांतली कित्येक जळत्या मॉलमध्ये अडकून. चिनी वंशाच्या लोकांची दुकानं वेचून फोडली, त्यांच्या बायकामुलींवर अत्याचार झाले. सुहार्तोंच्या पतनाची गोष्ट सांगताना हे दिवस बरेचजण गाळतात. मला ते गाळता येत नाहीत.

इथे सगळं संपू शकलं असतं. शहर पेटलं की लष्कराला आयतं निमित्त मिळतं, आणि लोकही म्हणतात, नको ते आंदोलन. मुलांनी नेमकं इथे वेगळं पाऊल टाकलं. १८ मे पासून ती बसेस भरभरून थेट संसदेच्या आवारात आली आणि तिथेच बसली. इमारतीच्या हिरव्या, पंखांसारख्या छपरावर चढून बसलेल्या मुलांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. दुधासाठी उभ्या राहिलेल्या त्याच बायकांनी त्यांच्यासाठी भाताच्या पुड्या पाठवल्या.

१८ मे च्याच दुपारी त्याच हार्मोकोंनी सुहार्तोंना पद सोडायला सांगितलं. संध्याकाळी सेनाप्रमुख विरांतो म्हणाले, हे त्यांचं वैयक्तिक मत. पण आता प्रत्येकाला काहीतरी बोलावंच लागत होतं. गप्प बसून निभावण्याची सोय मुलांनी संपवली होती, आणि माझ्या लेखी त्यांनी केलेलं काम हेच. सुहार्तोंनी नवं मंत्रिमंडळ बनवायचं ठरवलं. २० मे च्या रात्री गिनंजार कार्तासास्मिता आणि आणखी १३ मंत्र्यांचं पत्र आलं: आम्ही त्यात येणार नाही. २१ मे च्या सकाळी नऊच्या सुमारास सुहार्तोंनी राजीनामा वाचून दाखवला.

तेव्हा कुणी पाडलं, तर शेवटचा आधार काढून घेतला तो त्यांच्याच माणसांनी. पण मार्चमध्ये माना डोलावणारी ही माणसं मेमध्ये 'नाही' म्हणू शकली, ती त्या छपरावरच्या मुलांमुळे. रुपियाला हे जमलं नसतं.

यावर तुमचा पुढचा प्रश्न असतो, मग मिळालं काय? पुष्कळ मिळालं. १९९९ च्या निवडणुकीत ४८ पक्ष उतरले, राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदतींची मर्यादा आली, २००४ पासून लोक त्याला थेट निवडू लागले. पण सुहार्तोंवर २००० मध्ये भरलेला भ्रष्टाचाराचा खटला त्यांच्या आजारपणाच्या कारणावरून पुढे चाललाच नाही. त्या काळात पळवून नेलेल्या कार्यकर्त्यांपैकी १३ जण आजही बेपत्ता आहेत. याच अपहरणांच्या प्रकरणात लष्करातून काढले गेलेले, तेव्हाचे सुहार्तोंचे जावई प्राबोवो, ऑक्टोबर २०२४ पासून देशाचे राष्ट्राध्यक्ष आहेत.

जानेवारी २००७ पासून दर गुरुवारी जकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर काही माणसं न्याय मागत, काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या धरून उभी राहतात. त्यांत मारिया कातारिना सुमार्सिह असतात. त्यांचा मुलगा महासिस्वा होता. सुहार्तो जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा १३ नोव्हेंबर १९९८ ला सैनिकांच्या गोळीने तो गेला. मी एका गुरुवारी तिथे गेले होते. घोषणा फारशा नव्हत्या. राष्ट्राध्यक्षांच्या नावे दर आठवड्याला जातं तसं त्या दिवशीही एक पत्र गेलं, आणि मग सगळ्यांनी छत्र्या मिटल्या.