काउंटरवरून हलायच्या आधी

सिंगापूरला उतरल्यावर आमची पहिली खरेदी म्हणजे पाण्याच्या दोन बाटल्या, दूध, केळी आणि ब्रेड. लिटल इंडियात सेरंगून रोडच्या मागच्या गल्लीत हॉटेल घेतलं होतं, कोपऱ्यावरच एक छोटं सुपरमार्केट होतं. पैसे देऊन मी पिशवी उचलली, नवरा दारापर्यंत पोचलासुद्धा. मागे वळून बघते तर आई काउंटरच्या कडेला उभी. चष्मा नाकावर, एका हातात पावती, दुसऱ्या हातात पेन्सिल.

"आई, रूमवर जाऊन बघू ना," मी म्हटलं.

"रूमवर बघितलं तर उद्या परत यावं लागेल. आत्ता विचारलं तर ती चौकशी, उद्या विचारलं तर ती तक्रार," ती म्हणाली, आणि शेवटची ओळ वाचून झाल्यावरच हलली.

त्या पावतीत काही चूक नव्हती. पण पुढच्या सहा दिवसांत आम्ही प्रत्येक पावती तिथल्या तिथे वाचली, आणि तीन ठिकाणी आमच्याकडून जास्त पैसे घेतले गेले होते. तिन्ही वेळा ते परत मिळाले. सिंगापूरची वर्णनं खूप जणांनी लिहिली आहेत, फोटोही भरपूर आहेत. मला लिहायचंय ते या पावत्यांबद्दल.

आई ७४ वर्षांची आहे. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या लहानपणी ती ग्राहक पंचायतीच्या संघात होती. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. आसपासच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि सामान आलं की एकाच्या घरी वाटप करायचं. आमच्याकडे वाटप असलं की हॉलभर तूरडाळ, रवा, साबण, खोबरेल, आणि मधोमध आई, मांडीवर यादी. आधी नग मोजायचे, मग भाव ताडायचे, मग बेरीज. जांभळी नाक्यावरून वर्षाचे गहू भरतानाही क्रम हाच. या क्रमातलं शहाणपण मला सिंगापूरला नीट कळलं. चुकून दोनदा स्कॅन झालेली वस्तू भाव वाचून सापडत नाही, कारण दोन्ही ओळींतला भाव बरोबरच असतो. नग मोजले की ती लगेच सापडते.

पण चूक शोधायच्या आधी तिथली पावती वाचायला शिकावं लागलं. आपल्या सवयीने वाचली तर बरोबर आकडाही खटकतो. आपला डोळा सगळ्यात आधी एमआरपी शोधतो. आपल्याकडे पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्याने चालत नाही. सिंगापूरमध्ये छापील कमाल किंमत हा प्रकारच नाही. तीच पाण्याची बाटली हॉटेलजवळ एका भावाने आणि पर्यटकांच्या गर्दीत दुपटीने मिळते, आणि त्यात कोणीही फसवत नसतं. तिथे ताडून बघायचा तो शेल्फवरच्या चिठ्ठीवरचा भाव.

दुसरी गोष्ट जीएसटी. तिथेही तो याच नावाचा आहे, १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के. पावतीच्या तळाशी त्याची ओळ बघून आईने आधी भुवया उंचावल्या. तिला वाटलं, कर बेरजेवर पुन्हा लावलाय. दुकानात लिहिलेली किंमत करासकट असते, आणि तळाची ओळ त्यात कर किती होता एवढंच सांगते. १०.९० सिंगापूर डॉलरच्या खरेदीत ०.९० कर आधीच आत आहे. आईने एकदा हा हिशेब करून बघितला, तिची खात्री पटली, पुन्हा विचारलं नाही. मोठ्या सुपरमार्केटमध्ये पिशवीचे किमान ५ सेंट पडतात, तेही जुलै २०२३ पासूनच्या नियमाने. रोख पैसे दिले तर बेरीज ५ सेंटच्या पटीत येते, कारण १ सेंटची नाणी आता व्यवहारात नाहीत.

रेस्टॉरंटचं गणित वेगळं. मेनूकार्डावर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजायचं, या किमतीवर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी लागणार. १८ डॉलरची डिश १९.८० होते आणि मग २१.५८. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा वर. आपल्याकडे २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला मनाई केली, त्यामुळे ती ओळ बघून ठाणेकर भांडायला उठू शकतो. तिथे ती रीतसर आहे. ज्यांना हे नको त्यांनी सरळ हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे साधे स्टॉल असतात तिथे, जेवावं. आम्ही बहुतेक वेळा तेच केलं. टेक्का सेंटरला गरम डोसा, फळ्यावर लिहिला तेवढाच पैसा.

आता तिसऱ्या दिवसाची गोष्ट. घरी न्यायला काया घ्यायचा होता. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पंदनच्या पानांचा जॅम. टोस्टवर लोण्याबरोबर लावून खातात. माझ्या मुलीला तो इतका आवडेल याची खात्री होती की मी चार बाटल्या घेतल्या. शेल्फवर पिवळी चिठ्ठी होती: एक नग ३.६०, दोन नग ५.९०. आईने सांगितलं म्हणून मी तिचा फोटो काढून ठेवला.

पावतीत ३.६० च्या चार ओळी. सवलत असली की त्या ओळींखाली वजा चिन्ह लावून रक्कम येते, हे एव्हाना कळलं होतं. इथे वजा कुठेच नव्हता. १४.४० लागले होते, हवे होते ११.८०.

मागे चार माणसं उभी होती. माझा पाय बाहेरच पडत होता, खरंच. परक्या देशात, परक्या भाषेत, लोकांना खोळंबून ठेवून २.६० साठी बोलायचं? आणि हा आकडाच फसवा असतो. २.६० दिसताना अडीच रुपयांसारखे दिसतात. डॉलरचे ६५ रुपये धरले तर ते १७० रुपये आहेत. नौपाड्यातल्या दुकानदाराने १७० रुपये जास्त लावले असते तर मी एक पाऊलही हलले नसते.

आईने पावती काउंटरवर सपाट ठेवली, त्या ओळींवर पेन्सिलचं टोक टेकवलं आणि माझ्या फोनवरचा फोटो शेजारी धरला. "प्लीज चेक," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, कपाळावर आठी नाही. काउंटरवरची बाईही साठीच्या पुढचीच असावी. तिने फोटो बघितला, पावती बघितली, "कॅन, कॅन, आंटी" म्हणाली आणि एका मुलाला आत पाठवलं. तो परत आला तेव्हा ती पिवळी चिठ्ठीच त्याच्या हातात होती. खाली बारीक अक्षरांत तारीख होती, आदल्या दिवसाची. सवलत रात्री संपली होती, संगणकातला भाव बदलला होता, चिठ्ठी काढायची राहून गेली होती. म्हणजे कोणाच्याही मनात काही नव्हतं. बहुतेक जादा आकारणी अशीच होते. चिठ्ठी माणूस लावतो, भाव मशीन सांगतं, आणि दोघं एका वेळी बदलत नाहीत.

बाईने आमच्याशी काही वाद घातला नाही. चिठ्ठी शेल्फवर होती म्हणून तिने २.६० मोजून आईच्या तळहातावर ठेवले. मागच्या चारांपैकी एकानेही हुं की चूं केलं नाही. उलट शेवटच्या माणसाने वाकून आपल्या टोपलीत बघितलं, त्यातही काया होता.

दुसरी चूक नदीकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये. बसल्या बसल्या टेबलावर शेंगदाणे आणि ओल्या नॅपकिनची पाकिटं आली. तिथे अनेक ठिकाणी यांचे पैसे लागतात, नको असतील तर बसतानाच परत करायची. शेंगदाणे आम्ही खाल्ले होते, त्यांचे पैसे द्यायलाच हवेत. पाकिटं फोडली नव्हती, ती बिलातून काढून घेतली. आणि भात दोन वाट्या आला होता, बिलात तीन. पुन्हा नग.

तिसरी चूक पावतीत लपलेली नव्हती, कार्डाच्या मशीनवर होती. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. कपड्यांच्या एका दुकानात ८४ डॉलरची खरेदी झाली. नवऱ्याने कार्ड पुढे केलं, काउंटरवरच्या मुलाने मशीनवर पटकन एक बटण दाबलं आणि चिठ्ठी बाहेर आली. चिठ्ठीवर रक्कम रुपयांत: ५,८४२. नवरा खूश झाला, म्हणाला, बरं झालं, हिशेब करायला नको. आईने पेन्सिलने मागच्या बाजूला भागाकार केला. डॉलरला ६९ रुपये ५५ पैसे पडत होते.

होतं असं की परदेशी कार्ड दिसलं की मशीन विचारतं, स्थानिक चलनात पैसे घेऊ की तुमच्या? तुमच्या चलनात घेतले तर दर ठरवते ती दुकानाच्या बाजूची यंत्रणा, आणि तिचा नफा त्या दरात मिसळलेला असतो. निवड गिऱ्हाइकाची असते. आम्हाला विचारलंच नव्हतं. डॉलरमध्ये दिले असते तर ६५ च्या दराने ५,४६० झाले असते, त्यावर आमच्या बँकेचा परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. सगळं धरून ५,६८५ च्या आसपास. तरीही दीडशे रुपये कमी. शिवाय परदेशी दुकानात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही काही बँका वेगळं शुल्क लावतात.

नवऱ्याने शांतपणे सांगितलं, हा व्यवहार रद्द करून डॉलरमध्ये घ्या. मुलाने आधी म्हटलं की फरक पडत नाही. मग वरिष्ठाला बोलावलं, रद्द केल्याची एक चिठ्ठी आणि नव्या व्यवहाराची एक, अशा दोन दिल्या. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी कार्ड देण्याआधी आम्ही "सिंगापूर डॉलर, प्लीज" म्हणायचो आणि मशीनचा पडदा स्वतः वाचायचो.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सिम लिम स्क्वेअरला गेलो तेव्हा २०१४ मधली ती बातमी आठवत होती. व्हिएतनामहून आलेल्या एका कामगाराने तिथल्या एका दुकानात मैत्रिणीसाठी ९५० डॉलरचा आयफोन घेतला, न वाचता कागदावर सही केली, आणि मग वॉरंटीचे आणखी १,५०० मागितल्यावर तो दुकानात गुडघ्यावर बसून रडला. त्याचा व्हिडिओ जगभर पसरला. दुकानदाराला २०१५ च्या अखेरीस ३३ महिन्यांची कैद झाली. आम्ही घेतला तो फक्त एक चार्जर, आणि तरी आईने पैसे देण्याआधी बिलातला प्रत्येक शब्द माझ्याकडून वाचून घेतला. मला त्याचं जराही ओझं वाटलं नाही.

निघताना चांगी विमानतळावर करपरतावा घेतला. एका दुकानातली किमान १०० डॉलरची खरेदी लागते, त्याच दुकानाच्या त्याच दिवशीच्या तीन पावत्यांपर्यंत एकत्र चालतात. पावत्या जपून ठेवल्याचा हाही एक फायदा.

घोडबंदरच्या घरी परतल्यावर रविवारी आई नौपाड्याहून आली आणि आम्ही कार्डाचं स्टेटमेंट उघडून सगळ्या पावत्या ताडून बघितल्या. कपड्यांच्या दुकानाच्या दोन नोंदी होत्या, ५,८४२ ची आणि डॉलरची. रद्द झालेली रक्कम परत आलेली नव्हती. बँकेला रद्द केल्याच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. तो कागद उष्णतेने छापलेला, काही दिवसांत फिका पडतो, म्हणून आईने दुकानातच मागच्या बाजूला रक्कम आणि तारीख पेन्सिलने लिहून ठेवली होती आणि पुढे एक रिकामं वर्तुळ काढलं होतं.

गेल्या मंगळवारी पैसे जमा झाले. मी आईला फोन केला.

"ती चिठ्ठी जवळ आहे का तुझ्या?" तिने विचारलं.

"आहे."

"मग त्या वर्तुळात बरोबरची खूण कर. आणि फोन ठेवू नकोस, केलीस की सांग."