राजांगणातला पीटर डी होख

फोंड्याच्या आमच्या घरात दुपारी तीनला राजांगणातलं ऊन माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं. तिथे आई तांदूळ निवडत बसते आणि मला दरवेळी डच चित्रकार पीटर डी होख आठवतो. जन्म रॉटरडॅमचा, १६२९चा, वडील गवंडी. त्याचं १६५८चं डेल्फ्टच्या अंगणाचं चित्र पाहा: वीट न् वीट, सांध्यातला चुना, गवंड्याच्या पोरानंच रंगवावं असं! लहान मुलीचा हात धरलेली एक बाई, आणि बोळात पाठमोरी उभी दुसरी, रस्त्याकडे बघणारी. तिचा चेहरा दिसत नाही. मी मात्र तिच्याच खांद्यावरून बाहेर बघत राहतो. पुढे अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन तो श्रीमंती दालनं रंगवू लागला. मला विटाच प्रिय. आमच्या चिऱ्यांच्या भिंतीवरचं शेवाळ मी कुणाला खरवडू देत नाही.