लष्करातला वरचा मजला

सकाळी साडेसहाला षड्ज लावला तर शेजारून भिंतीवर थाप पडणार नाही, असे शहर आम्ही गेले वर्षभर शोधत आहोत. आम्ही तिघे आहोत. मी अनेक वर्षे ग्वाल्हेर गायकी शिकते आहे, नवरा घरून संगणकाचे काम करतो आणि उरलेल्या वेळात तबल्याला बसतो, आणि लेक नुकतीच सहा वर्षांची झाली आहे. ठाण्यातल्या आमच्या गृहसंकुलात आधी तोंडी तक्रारी आल्या, मग वाद्यांसाठी संध्याकाळचे दोन तास ठरले आणि पुढे रविवारी तेही बंद झाले. समितीतली माणसे वाईट नाहीत. भिंती पातळ आहेत, लोकल गाडीने दमून आलेल्या माणसाला शांतता हवी असते, हे मला कळते. पण एके दिवशी लेक पेटीजवळ येऊन कुजबुजत्या आवाजात मला म्हणाली, ‘‘आता गायचं का, की कुणी ओरडेल?’’ गाण्याची परवानगी मागत वाढलेल्या मुलीचा आवाज मोकळा कसा होणार, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेला नाही, आणि शहर बदलण्याचा विचार आम्ही तेव्हापासून गंभीरपणे करू लागलो.

त्या शोधात आधी बडोदे पाहून झाले. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये सुरू केलेली गायनशाळा आज विद्यापीठाची विद्याशाखा होऊन नांदते आहे आणि दांडिया बाजारात अजूनही मराठी कानावर पडते, पण आमच्या खिशाला झेपणारी घरे तिथून फार दूर, नव्या वस्त्यांमध्ये निघाली. इंदूर स्वच्छ आहे, तिथला मराठी नाट्यरसिक जागा आहे, पोहे-जिलेबीबद्दल तर कुणाचे दुमत नसावे. पण ज्या उंच इमारती सोडून निघायचे होते त्याच तिथे चहूकडे उभ्या राहत आहेत असे मला वाटत राहिले. राहता राहिले ग्वाल्हेर.

ग्वाल्हेरला डिसेंबरात जायचे नाही, हे मी हट्टाने ठरवले होते. 1924 पासून चालत आलेला तानसेन समारोह डिसेंबरात असतो, तेव्हा देशभरचे कलावंत आणि रसिक तिथे लोटतात आणि सारे शहर सुरेल भासते. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला, त्याचा अभिमान तिथला रिक्षावालाही बाळगतो. पण आम्हाला समारोहात राहायचे नव्हते, तर फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी भाजी आणायला जाताना त्या शहरात काय ऐकू येते, हे जाणून घ्यायचे होते. म्हणून फेब्रुवारीतच पंजाब मेल पकडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो.

पहिल्या रात्री जे ऐकू आले त्याने मी संतापले. स्टेशनाजवळच्या आमच्या हॉटेलच्या मागे लग्नाचे मैदान होते. लग्नसराई भरात होती आणि डीजेच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांनी खिडकीची तावदाने मध्यरात्रीनंतरही थरथरत होती. लेक माझ्या कुशीत कानांवर हात ठेवून झोपली. वरातीत बँड वाजायला माझी काहीच हरकत नाही, पण जे शहर आपल्या वेशीवर संगीताचे नाव लिहिते त्याने निदान रात्री अकरानंतर छातीत धडधड भरवणारा हा आवाज थांबवायला हवा, असे मला आजही कळकळीने वाटते. नवरा म्हणाला की उद्याच परतीची तिकिटे पाहू. मी म्हटले, हे हॉटेल म्हणजे शहर नव्हे, आधी गल्ल्या पाहू.

हजिऱ्याला सूफी संत गौस महंमदांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनची समाधी अगदी लहानशी आहे. जाळ्यांची कारागिरी सगळी मोठ्या वास्तूच्या वाट्याला आली आणि गवयाच्या वाट्याला उघडा चौथरा, हे मला मनापासून आवडले. तिथल्या चिंचेची पाने खाल्ली की गळा गोड होतो, या समजुतीपोटी लेकीने दोन पाने चघळली. किल्ल्यावर एक अख्खा दिवस गेला. धृपदाला आश्रय देणाऱ्या राजा मानसिंह तोमरांच्या महालावरची निळी नक्षी पाहून डोळे निवले, एवढेच त्याबद्दल सांगते.

घर शोधायला मात्र आम्ही लष्करात गेलो. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले, ते हे लष्कर. शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ, जनकगंज, दौलतगंज अशी नावे वाचत चालताना आपण चंबळेच्या मुलखात आहोत हे विसरायला होते. दलाल आम्हाला पुन:पुन्हा सिटी सेंटरकडच्या नव्या सदनिका दाखवू पाहत होता. तिथे लिफ्ट आहे, वाहनतळ आहे, संगीतवाल्या लोकांनाही तिकडेच करमते, असे तो सांगे. मी प्रत्येक घरात नळ आणि स्वयंपाकघर पाहण्याआधी खिडकीशी उभी राहून कान देत असे, आणि त्या सदनिकांमध्ये मला ठाण्यासारखीच चुप्पी ऐकू आली. शेवटी तो कंटाळला आणि म्हणाला, ‘‘एक जुना वाडा है, मराठी माताजी हैं, पर किरायेदार को बहुत परखती हैं।’’

वाडा जनकगंजाच्या बाजूला, दोन सायकली शेजारी जाऊ शकणार नाहीत अशा गल्लीत होता. चौकात ऊन उतरले होते आणि आजी जमिनीवर बसून सुपात मटार सोलत होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, नऊवारी नव्हे तर साधी पाचवारी, डोक्यावर हिवाळ्यातली लोकरी टोपी. आम्हाला बसायला सांगून त्यांनी आमची नोकरी, पगार, जात, मांसाहार यांपैकी काहीही विचारले नाही. पहिला प्रश्न दलालाने माझ्या गाण्याचा उल्लेख केल्यावर आला. ‘‘कोणाकडचं गातेस, बेटा?’’ मी म्हटले, ‘‘ग्वाल्हेरचंच, आजी.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग म्हण नं. घर कुठे पळून जातंय!’’

सकाळचे दहा वाजत आले होते, म्हणून मी सकाळचा राग अल्हैया बिलावल धरला. तंबोरा नव्हता. फोनमधला तंबोरा लावून नवऱ्याने चौकटीच्या लाकडावर बोटांनी तिलवाडा तालाचा ठेका धरला. मी बंदिशीचा पहिला भाग, स्थायी, म्हटली, दुसरा भाग, अंतरा, म्हटला आणि परक्या घरात इतके पुरे असे समजून थांबले. आजींनी मटारावरची नजर वर न करता हाताने खूण केली आणि म्हणाल्या, ‘‘मांडून झालं. आता गा की!’’

ग्वाल्हेरच्या गायकीत स्थायी आणि अंतरा दोन्ही आधी स्वच्छ, पूर्ण मांडायचे आणि मगच बहेलाव्याकडे, म्हणजे सुरांच्या संथ विस्ताराकडे, वळायचे, ही शिस्त मी गुरूंच्या तोंडून शेकडो वेळा ऐकली आहे. मुंबईत वेळेच्या घाईत अंतरा कधी शेवटाकडे ढकलला जातो, कधी गळूनच जातो, आणि श्रोत्यांपैकी फार थोड्यांना त्याचे काही वाटते. इथे एक गृहिणी, जी आयुष्यात कधी बैठकीत गायली नव्हती, ती मटार सोलता सोलता मला सांगत होती की आतापर्यंत झाली ती फक्त मांडणी, गाणे अजून पुढे आहे. मी पुन्हा सुरू केले. आता मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. सोललेल्या शेंगा त्या डाव्या हातात जमवत आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की मूठ उघडून टोपलीत टाकत. एकदाही चुकल्या नाहीत. एका आवर्तनात माझी तान लांबली आणि समेला मी थोडी उशिरा आले, तेव्हा त्यांनी मूठ तशीच मिटून ठेवली आणि पुढच्या समेला मी नेमकी उतरल्यावरच ती उघडली.

नंतर त्यांनी लेकीला जवळ बोलावले. लेकीने आधी सवयीने माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. आजी म्हणाल्या, ‘‘दाराकडे काय बघतेस? मोठ्यानं म्हण, वर छतापर्यंत जाऊ दे.’’ वाड्याचे छत दगडी फरशांचे होते. तिने बिलावलाचे अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे, म्हटले, पहिला अलंकार नेहमीसारखा दबका, दुसरा थोडा वर आणि तिसऱ्याला तिचा आवाज त्या दगडावर आपटून परत आला, तेव्हा ती स्वतःच हसली आणि चौथा तिने पूर्ण गळ्याने म्हटला. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणारी बाई कठड्यावरून वाकून हिंदीत विचारू लागली की ही कुणाची मुलगी, रोज गाणार का. आजींनी आमच्या वतीने ‘‘हां, रोज’’ असे उत्तर देऊन टाकले. त्या वेळी माझा गळा भरून आला होता आणि मी चहाच्या कपाआड तोंड लपवले.

चहा झाल्यावर अटी निघाल्या. सकाळी कितीही लवकर गा, तबला मात्र सूर्य उगवल्यावर. दुपारी दोन ते चार त्यांची झोप, तेव्हा काहीही नाही. आणि गाताना जिन्याकडचे दार बंद करायचे नाही, कारण त्यांना खाली ऐकू यायला हवे. वरच्या मजल्याच्या तीन खोल्यांचे भाडे नऊ हजार, म्हणजे आमच्या सध्याच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी.

एवढा कान कुठून आला, असे विचारल्यावर त्यांनी अगदी सहज सांगितले की लहानपणी घरचे गणपतीत, देवळात गाणे ऐकायला नेत, ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे त्यांनी पुढे बसून ऐकले आहे. पंडितजींनी 1914 मध्ये इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढले, संगीतशास्त्री भातखंड्यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले, आणि ही दोन्ही ठिकाणे अशा गल्ल्यांच्या मधोमध होती. ख्यालगायक भाऊ हद्दू खाँ, हस्सू खाँ इथल्या दरबारात गायले, वासुदेवबुवा जोशी त्यांच्याकडून शिकले, वासुदेवबुवांकडून ते धन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेले, हा इतिहास आम्ही विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतो. पण गवई महाराष्ट्रात गेले तरी ऐकणारा शेजार इथेच राहिला, हे मला त्या चौकात बसून कळले. मुलीला शिकवायला गुरू ठाण्यातही मिळतील. चुकले की मूठ मिटून वाट पाहणारी शेजारीण मात्र मी तिथे कुठून आणणार?

आता व्यवहाराच्या गोष्टी, ज्या मला कमी महत्त्वाच्या वाटल्या तरी नवऱ्याला वाटत नाहीत, आणि त्याचे बरोबर आहे. उन्हाळ्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. पाण्याची भिस्त तिघरा धरणावर आहे आणि आजींनी गच्चीवरच्या दोन टाक्या आम्हाला अगत्याने दाखवल्या, त्यावरून काय ते समजले. गल्लीत रुग्णवाहिका येणार नाही. स्वर्णरेखा नावाची नदी आज नाला होऊन शहरातून वाहते आणि तिच्याकाठी नाक दाबून चालावे लागते. शाळा रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. इंटरनेटची जोडणी घेता येईल, पण वीज गेली तर नवऱ्याच्या बैठकांचे काय, याला आजींकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या शहरात घर पाहायला लहान मूल घेऊन जाणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की मुलाला एखाद्या परक्या घरात मोठ्याने काहीतरी म्हणू द्या. मी कागदावर चौकशीची मोठी यादी करून नेली होती आणि लेकीच्या चौथ्या अलंकारानंतर ती उघडून पाहण्याची मला इच्छाच झाली नाही, हेही खरे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नया बाजारात बुंदीचे लाडू घेऊन आम्ही पुन्हा वाड्यावर गेलो आणि दोन महिन्यांची अनामत पुढे केली. आजींनी लाडू ठेवून घेतले आणि पैसे परत केले. ‘‘आधी मे महिना बघून जा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘थंडीत सगळ्यांनाच आवडतं आमचं गाव. जावईबापूंना एकट्याला पाठव, वरच्या खोलीत आठ दिवस राहू दे, कूलर चालतो की नाही ते त्यालाच कळेल. राहवलं तर मग दिवाळीनंतर या सगळे, पोरीची शाळा तर एप्रिलपासून सुरू होते इथे.’’ नवऱ्याने मे महिन्यातली रजा मागितली आहे.