तुम्ही विचारलंत म्हणून: शिकलेली माणसं सगळ्यांची री का ओढतात?

बैठकांमधले निर्णय कसे घ्यावेत यावर मी कार्यशाळा घेते. ती संपली की कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, एवढी शिकलीसवरलेली माणसं चूक समोर दिसत असताना गप्प कशी बसतात? घाबरतात का?’

घाबरतातही. पण ते उत्तर मला अपुरं वाटतं, आणि थोडं अन्यायाचंही.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा 1968 मधला प्रयोग बघा. खोलीत फॉर्म भरत बसलेल्या माणसाला भिंतीतल्या झरोक्यातून धूर येताना दिसतो. तो एकटा असेल तर शंभरातले पंचाहत्तर जण उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत आधीच पढवलेले दोघं असतील, त्यांनी धुराकडे एकदा बघून खांदे उडवले आणि पुन्हा लिहायला घेतलं, तर उठणारे उरले फक्त दहा. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, खिडकी उघडत होते, आणि फॉर्म भरत होते! नंतर विचारलं तेव्हा कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं एसीचं काहीतरी असेल. आग असेल असं त्यांच्या मनाने घेतलंच नव्हतं. शेजारचे शांत आहेत, म्हणजे काळजीचं काही नसणार, एवढंच त्यांनी ताडलं. बैठकीतही हेच होतं. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा वाचत असतो आणि तो दुसराही आपलाच चेहरा वाचतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात एका गटात बसवून माणसाला रेघांची लांबी ओळखायला लावली. उत्तर लख्ख दिसणारं, तरी गटातले बाकीचे सगळे, आधीच पढवलेले, एकमुखाने चुकीचं सांगू लागल्यावर त्या माणसांची साधारण एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली. मला मात्र त्यांचा पुढचा प्रयोग फार मोलाचा वाटतो. बरोबर उत्तर देणारा एकच जोडीदार दिला, तर हे वाहवत जाणं आधीच्या सुमारे चौथ्या हिश्शावर आलं. तो जोडीदार स्वतः वेगळंच चुकीचं उत्तर देत असला, तरीही ते घटलं. एकमताला नुसता तडा जायचा अवकाश होता.

म्हणून मी चर्चेआधी प्रत्येकाचं मत चिठ्ठीवर लिहून घ्यायला सांगते. साहेबांनी सगळ्यात शेवटी बोलावं, यावर तर मी अडूनच बसते. वाक्य सुरू करून मध्येच थांबलेल्या माणसाला ‘पूर्ण करा ना’ म्हणणारं कुणी हवं. सगळ्यांपेक्षा वेगळं बोलणाऱ्या पहिल्याचं कौतुक सगळेच करतात, माझं लक्ष त्याला साथ देणाऱ्या दुसऱ्याकडे असतं.

आणि त्या दुसऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे, मधेच पलटू नका. अॅश यांनी तेही करून पाहिलं होतं. जोडीदार अर्ध्यावर बहुमताला जाऊन मिळाला, तेव्हा मागे राहिलेला माणूस जवळपास पहिल्याइतकाच पुन्हा वाहवत गेला.