ठाण्यात एक दिवस : कोपिनेश्वरापासून मीठबंदरापर्यंत

डिसेंबरात मिरजेहून आत्या आली. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, अडुसष्ट वर्षांची, उजवा गुडघा दुखरा. गेटवे, राणीची बाग, घारापुरी सगळं तिचं आधीच बघून झालेलं. चहा पिता पिता म्हणाली, "मला श्रीस्थानक दाखव."

वर्तकनगरात मी बावीस वर्षं राहते. ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक, हे मला पाठ होतं. पण ते दाखवायचं म्हणजे नेमकं कुठं जायचं, हे पटकन सांगता येईना. रात्री दोघींनी नकाशा पुढ्यात घेतला. आत्या म्हणाली, "हे बंदर आहे ना? मग देवळापासून पाण्यापर्यंत चालायचं." दिवसाचा बेत एवढ्या एका वाक्यावर ठरला. तुम्हीही ठाणं बघायला निघालात तर हाच क्रम धरा. तलावपाळीला एक चक्कर मारून परत फिरलात तर हे शहर इथं का वसलं, ते कळणारच नाही.

सकाळ : जांभळी नाका आणि तलावपाळी

साडेसातला स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. तिथून जांभळी नाका दहा-बारा मिनिटांवर आहे. नऊनंतर बाजार भरला की त्या रस्त्यावर माणूस माणसाला ढकलत चालतो, तेव्हा वयस्कर कुणी सोबत असेल तर कोपिनेश्वराचं देऊळ आधी उरकून घ्या. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. त्या दिवशी दर्शन होईल, बघणं होणार नाही.

आतलं शिवलिंग आवर्जून निरखा. चार फुटांहून उंच आणि घेराला प्रचंड असं हे लिंग महाराष्ट्रातल्या मोठ्या लिंगांत मोजलं जातं. आजचं देऊळ मराठेशाहीतलं, १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. आवारात शीतलादेवी, कालिका, राम अशी छोटी देवळं आहेत. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेच्या दिवशी हाच परिसर पहाटेपासून फुललेला असतो. आत्या लिंगासमोर बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "देऊळ नवं आहे, जागा नवी नाही."

शिलाहार राजघराण्याच्या काळातलं पूर्ण उभं असं बांधकाम ठाणे शहरात आता शोधून सापडत नाही, हे मनाशी धरूनच फिरा. उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी. अकराव्या शतकातला विद्वान अल्-बिरूनी यानं 'ताना'चा उल्लेख केला आहे. त्याच्याही कितीतरी आधी, सातव्या शतकात खलिफा उमरच्या काळात, ओमानच्या बाजूनं अरबी गलबतं या बंदरावर चालून आली होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं ठाण्याबद्दल लिहिलं, त्यातली एक गोष्ट आत्यानं तलावाच्या कठड्यावर बसून सांगितली. इथल्या राजाचा म्हणे चाच्यांशी करार होता. समुद्रात लुटलेल्या जहाजावर जे घोडे मिळतील ते राजाचे, बाकीचा सगळा माल चाच्यांचा. अरबस्तानातून घोडे यायचे, इथून कातडं आणि सुती कापड जायचं. समोर लहान मुलं पायडलच्या होडीत बसली होती आणि मी पहिल्यांदाच ठाण्याकडे समुद्रावरून येणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघत होते.

तलावपाळी म्हणजे मासुंदा तलाव. सकाळी इथं फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, पण ती सुसह्य असते. एका बाजूला गडकरी रंगायतन, दुसऱ्या बाजूला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. हे चर्च पोर्तुगीज काळापासूनचं. प्रार्थना चालू नसेल तेव्हा शांतपणे आत जाता येतं. रविवारी सकाळी गेलात तर प्रार्थना संपेपर्यंत बाहेर थांबा. ख्रिस्ती धर्माशी ठाण्याचा संबंध पोर्तुगीजांच्याही आधीचा आहे, हे मला माहीत नव्हतं. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मगुरू इथं मारले गेले. त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डेनस नावाच्या पाचव्यानं त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, शूर्पारक. त्या काळी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणं किती सहज होतं, ते यातूनच दिसतं.

टेंभी नाका : इथं माझी चूक झाली

तलावापासून टेंभी नाका चालत पाच-सात मिनिटांवर. इथं बेने इस्रायल या ज्यू समाजाचं शाआर हाशामायिम हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, १८७९ मधलं. नावाचा अर्थ 'स्वर्गाचं द्वार'. ते बघण्याची मला फार इच्छा होती आणि सुट्टीचा म्हणून मी निवडला शनिवार. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. प्रार्थनेचा दिवस, पाहुण्यांचा नव्हे. आम्ही रस्त्यापलीकडून बघितलं आणि पुढे निघालो.

चुकायला नको होतं, कारण गोष्ट माहितीतली होती. कोकणात या समाजाला 'शनिवार तेली' म्हणत. तेलाचे घाणे चालवणारी, मराठी बोलणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेव्हा शनिवार सोडून जा, आधी विचारून जा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि पुरुषांनी डोकं झाकण्यासाठी टोपी किंवा रुमाल न्या.

किल्ला, जो आता कारागृह आहे

टेंभी नाक्यावरून कोर्ट नाक्याकडे आम्ही रिक्षा केली. गुडघा दुखणारं कुणी सोबत असेल तर तुम्हीही करा. या टप्प्यात उन्हात चालण्यानं हाती काही लागत नाही.

ठाण्याचा किल्ला बहुतेक ठाणेकरांनी हजारदा बघितला आहे, फक्त किल्ला म्हणून नाही. आज तिथं मध्यवर्ती कारागृह आहे. आत जाता येत नाही. बाहेरून दगडी तट बघायचा. फोटो काढायचा नाही, मोबाइल पिशवीतच राहू द्यायचा. एवढं करूनही दिवसभरातला सर्वांत जास्त वेळ मला इथं घालवावासा वाटला.

पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला. काम पुरं व्हायच्या आतच, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. वसई पडायला त्यानंतर दोन वर्षं लागली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून हिसकावला. पुढे १७८७ मध्ये किल्ल्यात खोदकाम करताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचं दानपत्र, शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. त्यात या नगराचं नाव आहे, श्रीस्थानक. आत्याला जे बघायचं होतं ते निघालं होतं याच तटाच्या आत. ती काही बोलली नाही. रिक्षातून उतरून तटाच्या दिशेनं तिनं नमस्कार केला.

मग मात्र तिचा आतला शिक्षक जागा झाला. समोरच्या टपरीजवळ सावलीत उभं राहून तिनं त्र्यंबकजी डेंगळ्यांची सुटका सांगितली. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी पेशव्यांच्या या कारभाऱ्याला इथं ठेवलं. एतद्देशीय शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. एक मराठी मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करताना रोज गाणं म्हणायचा. गोऱ्यांना वाटे, गडी कामात गुणगुणतोय. गाण्यातून तो सांगत होता, कुठं घोडा उभा आहे, कुठं माणसं थांबली आहेत. १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटले. ऐकताना टपरीवाल्यानं चहा ओतायचं थांबवलं होतं.

याच तुरुंगात १८४८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे फासावर गेले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथंच १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. आत्या नावं एकेक करून, सावकाश घेत होती.

दुपार

रिक्षानं परत स्टेशनकडे. तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ प्रसिद्ध आहेच. तिखट झेपत नसेल तर मागतानाच कमी तिखट सांगा. मध्यमही अनेकांना घाम फोडते. नौपाड्यात विष्णुनगरला जाणार असाल तर गजानन वडापाव, बेसनाच्या पिवळ्या चटणीसाठी. आत्याची एकादशी होती. तिच्यासाठी घरून साबुदाण्याची खिचडी आणि केळी आणली होती. उपासाचं माणूस सोबत असेल तर डबा नेलेलाच बरा.

जेवण झाल्यावर लगेच पुढे पळू नका. सुभाष पथावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, वि. ल. भावे यांच्या पुढाकारानं १८९३ मध्ये सुरू झालेलं. मराठी पुस्तकांवर प्रेम असलेल्या माणसानं तिथं निदान पायरीपर्यंत जावं.

स्टेशनचा पादचारी पूल ओलांडताना एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून इथं आली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभरात रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले. शतकानुशतकं माणसं आणि माल पाण्यावरून ठाण्याला येत होता. मग हळूहळू शहराचं तोंड स्टेशनकडे वळलं आणि खाडीकडे पाठ झाली.

मीठबंदर

पूर्वेला उतरून चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूनं मीठबंदर रोड धरा. हा रस्ता खाडीवर जाऊन संपतो. खाडीपलीकडे कळव्याची बाजू. ही खाडी म्हणजे नदी नव्हे, समुद्राचाच आत शिरलेला हात आहे. वरच्या अंगाला चिंचोळ्या फाट्यानं तो उल्हास नदीच्या पाण्याला मिळतो. म्हणून तर साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरं वसलेली जमीन, हे बेट आणि ठाणं त्याच्या उंबऱ्यावर.

आम्ही सव्वाचारला पोचलो, तर ओहोटी. जिथवर नजर जाईल तिथवर चिखल, तिवरांची मुळं वर आलेली, होड्या कुशीवर कललेल्या. चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे टुणटुणत होते. दिवसभर जे बघायला चालत आलो ते पाणीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. जाळं विणत बसलेल्या एका कोळी काकांना आत्यानं विचारलं, "पाणी कधी येतं?" ते म्हणाले, "आज एकादस ना, बाई? आठ वाजता भरल. पन थांबा, आता लागलंच."

मग त्यांनी हिशेब समजावला, तो प्रत्येकानं लिहून ठेवावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. एकादशीला अकराची पाऊणपट, सव्वाआठ. सप्तमी-अष्टमीला येते सव्वापाच ते सहा, म्हणजे संध्याकाळी इथं यायला त्या तिथी उत्तम. ती भांगाची भरती असते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखं पाणी चढत नाही, पण होड्या तरंगायला पुरतं. समुद्रापासून खाडी जितकी आत, तितका थोडा उशीर धरायचा.

आम्ही थांबलो. हिवाळ्यात सहाला अंधारू लागतं आणि डास उठतात, तेव्हा अंगभर कपडे घाला आणि तिवरांत आत शिरू नका, पाय रुततो. रोहित पक्षी जवळून बघायचे असतील तर ते इथं नाही, खाडीच्या पलीकडे ऐरोलीला. तिथं किनारी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा बघून बोट सुटते, नोंदणी आधी करावी लागते. ठाणे खाडीतलं रोहित पक्ष्यांचं १६९० हेक्टरचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जा मिळाला. आणि शिलाहारांचं बांधकाम प्रत्यक्ष बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी लोकलनं अंबरनाथ गाठा. वालधुनीकाठचं शिवमंदिर, १०६० मधलं. आम्ही रविवारी तेच केलं.

पावणेसहाच्या सुमारास चिखलातल्या एका चरीत पाण्याची रेघ सरकताना दिसली. मग दुसऱ्या चरीत. आवाज नव्हता. कुशीवरची एक होडी जराशी हलली. काका जाळं गुंडाळून उठले. आत्यानं चपला काढून माझ्या हातात दिल्या, धक्क्याच्या शेवटच्या ओल्या पायरीवर गुडघा सांभाळत बसली आणि पाणी पायाला लागेपर्यंत उठली नाही.