हिरवा चौकोन

सराव होता, खरी बोट नव्हती, हे आधीच सांगतो. तरी ती चाळीस मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

मी नकाशे करतो, जीआयएसवर, म्हणजे संगणकावर माहितीचे थर एकावर एक रचून. किनारा सुरक्षेच्या एका कामात रायगडच्या किनाऱ्याचा काही भाग माझ्याकडे आला होता. प्रश्न एकच: माणसं किंवा स्फोटकं उतरवायची झाली तर कुठे उतरवतील? लोकांना वाटतं, यात काहीतरी गुप्त माहिती असते. कसली गुप्त! किनाऱ्याचे २५० मीटरचे चौकोन पाडायचे आणि एकेकाला गुण द्यायचे. पाणी किती खोल, खडप की पुळण, गाडीरस्ता किती जवळ, सुरूच्या बनाचा आडोसा आहे का, चौकी किती लांब, रात्री दिवे किती. कशाला किती वजन ते ठरवून बेरीज केली की लाल, पिवळा, हिरवा.

पंचाईत त्या वजनांशीच होते. घरफोड्यांचा नकाशा करायचा तर नोंदी हजारांनी मिळतात. इथे माझ्या हातात दोनच प्रकरणं होती. १९९३ला रायगडातच दिघी-शेखाडीला उतरलेला मुंबई बॉम्बस्फोटांचा माल, आणि २००८ला मुंबईत कफ परेडच्या मच्छीमारनगरात उतरलेले दहा जण. शेखाडी धरून वजनं बसवली की नकाशा शेखाडीसारख्याच जागा लाल करतो: सामसूम, अंधारी, रस्त्याला लागून. मच्छीमारनगर भर वस्तीतलं, ते कशातच बसेना. मी ते 'अपवाद' म्हणून बाजूला सारलं. बैठकीत कुणी विचारलंही नाही. रंग झकास दिसत होते, साहेब लोकांना तेवढं पुरतं.

सरावाचा दिवस अमावस्येचा होता. गस्तीची गाडी माझ्या सगळ्यात लाल चौकोनावर उभी. मी लॅपटॉप घेऊन नियंत्रण कक्षात. दुपारी साडेबाराच्या सुमारास सागर रक्षक दलातल्या, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या दलातल्या, एका पोराचा फोन आला: खाडीतल्या आमच्या वाडीत अनोळखी बोट लागलीय. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नकाशात काय आहे तिथे?"

"हिरवं आहे, साहेब," मी म्हणालो.

गाडी हलली नाही. दुसरा फोन आला, मग तिसरा. चाळीस मिनिटांनी गाडी पोचली तोवर 'अतिरेकी' झालेले पोलीस वाडीत चहा पिऊन मोकळे झाले होते.

चूक शोधायला मी संध्याकाळी तिथे गेलो. एक तर लगेच सापडली. मी खाडीची खोली सरासरी पाण्याची धरली होती. त्या हिशोबाने तिथे चिखल, बोट रुतणार. पण अमावस्येचं उधाण भर दुपारी असतं आणि त्या पाण्यात बोट थेट बर्फाच्या कारखान्यामागे येते. वाडीतल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक जोडलं, दोन दिवसांत ती चूक गेली.

दुसरी जात नाही. बोट पहिल्यांदा ओळखली ती मासळीच्या लिलावात बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीने. मी विचारलं, "मावशी, कसं ओळखलंत?" ती म्हणाली, बूट घालून पाण्यात उडी मारली त्यांनी. कोळी कधी बूट घालून उतरतो का?

हे मी कुठल्या थरात भरू? वस्ती दाट तर धोका कमी, असं मी धरलं होतं. मच्छीमारनगरातही कोळ्यांनी त्या दहा जणांना हटकलं होतं. तरी ते पुढे गेलेच. आणि १९९३ला बघणारे नव्हते असं थोडंच? बघायचा पगार घेणारेच फितूर होते. कस्टमचे आणि पोलिसांतले काही जण पुढे कोर्टात दोषी ठरले. म्हणजे डोळे असले तर गुण वजा करायचे की अधिक?

मावशीने वाडी कुठे आहे ते दाखव म्हटलं. मी स्क्रीन मोठी करून तो चौकोन दाखवला. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, आम्ही हिरवे का?

नव्या आवृत्तीत 'स्थानिक नजर' असा रकाना केलाय. वजनाची जागा अजून कोरी आहे, आणि नकाशा सोमवारी द्यायचाय.